स्कायला जाणाऱ्यांनी मोटार मागे ठेवावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळी सुटीच्या तोंडावर परदेशातील सहलींविषयी जे लेख येतात, त्यांत अलीकडे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या स्काय बेटाचा उल्लेख हमखास असतो. मी गेली बरीच वर्षे इनव्हरनेस येथे राहते आणि महाराष्ट्रातून येणारे नातेवाईक, मित्र व त्यांच्या ओळखीचे लोक स्कायला कसे जातात, हे जवळून पाहते. सकाळी इनव्हरनेसहून मोटारीने निघायचे, पुलावरून बेटावर शिरायचे, ओल्ड मॅन ऑफ स्टॉर, किल्ट रॉक आणि फेअरी पूल्स या ठिकाणी गाडी लावायला जागा शोधायची, छायाचित्रे घ्यायची आणि रात्री परत यायचे, असा तो ठरलेला कार्यक्रम असतो. एवढा पैसा आणि एवढा प्रवास करून आलेल्या माणसांच्या वाट्याला हे बेट इतके थोडे यावे, याचे मला मनापासून वाईट वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ज्यांना सायकल चालवता येते आणि चढाची भीती वाटत नाही, त्यांनी स्कायवर आणि शेजारच्या रासे बेटावर दोन-तीन दिवस मोटारीशिवाय, रुंद टायरच्या ग्रॅव्हल बाइकवर, वाहतूक नसलेल्या जुन्या खडीच्या वाटांनी फिरावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

आधी मोटारीविषयी. स्कायचे क्षेत्रफळ सुमारे १,६५० चौरस किलोमीटर असले तरी वस्ती जेमतेम दहा हजारांच्या आसपास आहे, आणि रस्ते त्या वस्तीच्या मानाने बांधलेले आहेत. ए-८७ हा मुख्य रस्ता सोडला, तर बेटाच्या कडेकपारीत जाणारे बरेचसे रस्ते एकाच गाडीच्या रुंदीचे असून समोरून वाहन आले की बाजूला होण्यासाठी ठरावीक अंतरावर जागा ठेवलेल्या असतात. १९९५ साली पूल झाला, २००४ च्या अखेरीस त्यावरचा पथकर रद्द झाला आणि बेटावर गाडी घेऊन जाणे फारच सोपे झाले. आता उन्हाळ्यात बाजूला होण्याच्या त्या जागांवरच गाड्या लावून लोक फोटो काढायला उतरतात. मागे दूध पोहोचवणारी गाडी, शाळेची बस, कधी रुग्णवाहिका अडकून राहते. आपल्याकडून येणारे पर्यटक हे जाणूनबुजून करतात असे मी म्हणणार नाही. त्यांना तसे कोणी सांगितलेले नसते, आणि त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत थांबायला वेळही नसतो.

मोटारीशिवाय फिरायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो तो हा, की परक्याच्या जमिनीतून जाणाऱ्या वाटेवर सायकल घालायची परवानगी कोणाकडे मागायची? स्कॉटलंडमध्ये ती मागावी लागत नाही. स्कॉटलंडच्या संसदेने २००३ साली संमत केलेल्या जमीन सुधारणा कायद्याने जवळजवळ सर्व जमिनीवर आणि अंतर्गत पाण्यावर जबाबदारीने वावरण्याचा हक्क प्रत्येकाला दिला असून तो फेब्रुवारी २००५ पासून अमलात आहे. हा हक्क पायी चालणाऱ्याला आहे, घोडेस्वाराला आहे आणि सायकलस्वारालाही आहे, मोटारवाहनाला नाही. घराभोवतीची खासगी जागा, उभे पीक, शाळेचे आवार अशी काही ठिकाणे त्यातून वगळलेली आहेत. शेजारच्या इंग्लंडमध्ये असे नाही. तेथे पादचाऱ्यांच्या म्हणून नोंदलेल्या वाटेवर सायकल चालवण्याचा हक्क मिळत नाही, त्यासाठी घोडेवाट किंवा तत्सम दर्जाची वाट लागते. म्हणून लंडनहून येणाऱ्या मराठी मंडळींनाही स्कॉटलंडमधल्या या मोकळिकीची अनेकदा कल्पना नसते. कायद्यासोबत एक आचारसंहिताही आहे आणि ती कायद्याइतकीच महत्त्वाची आहे: फाटक जसे सापडले तसेच उघडे किंवा बंद ठेवावे, मेंढ्या वितात त्या दिवसांत कळपापासून दूर राहावे, जंगलात लाकूडतोड चालू असेल तर फलकावर लिहिलेले मानावे. मात्र कायदा हक्क देतो, रस्ता देत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. नकाशावर तुटक रेघेने दाखवलेली प्रत्येक वाट सायकलीची नसते. कित्येक वाटा दलदलीत शिरतात आणि तेथे सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

ग्रॅव्हल बाइक ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ती दिसायला वाकड्या हँडलच्या रोड बाइकसारखी असते, पण टायर साधारण ४० ते ५० मिलिमीटर रुंद असतात, ब्रेक डिस्कचे असतात आणि चढासाठी पुरेसे हलके गिअर असतात. टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, त्यामुळे खडीवर ती उसळत नाही. पुण्या-साताऱ्याकडे कालव्याच्या कडेच्या मुरमाड रस्त्यांवर सायकल चालवणाऱ्यांना यात नवीन असे फार थोडे आहे. वळणावर मुरूम निसटतो तेव्हा पुढचा ब्रेक दाबायचा नसतो, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. २५० वॉटपर्यंतची, पायडल मारल्यावरच मदत करणारी विजेची सायकल येथे कायद्याने सायकलच समजली जाते, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनीही लगेच माघार घेण्याचे कारण नाही.

आता वाटांकडे वळते. बेटाच्या दक्षिण भागात ब्रॉडफर्ड हे गाव आहे. तेथून किलक्राइस्टकडे जाणारी एक जुनी वाट मार्बल लाइन या नावाने ओळखली जाते, कारण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात संगमरवराच्या खाणीतला दगड ब्रॉडफर्डच्या धक्क्यापर्यंत आणण्यासाठी येथे अरुंद रुळांची रेल्वे टाकली होती. खाणीचा धंदा काही वर्षांतच बुडाला, रूळ उचलले गेले आणि उरला तो रुळांखालचा भराव. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ चालत नाही, त्यामुळे हा भराव डोंगराच्या उतारावरून अगदी हलक्या चढाने जातो, आणि सायकलीवर नवख्या माणसालाही तो झेपतो. एका बाजूला बीन ना कॅलिआखचा लालसर ग्रॅनाइटचा डोंगर, खाली किलक्राइस्टच्या छप्पर नसलेल्या जुन्या चर्चच्या भिंती आणि चाकाखाली मधूनमधून पांढऱ्या दगडाच्या कपच्या. हा पांढरा दगड येथे का आहे, तेही त्या लाल डोंगरांशी जोडलेले आहे: सुमारे साठ दशलक्ष वर्षांपूर्वी ग्रॅनाइटचा तप्त रस जुन्या चुनखडीत घुसला आणि त्या उष्णतेने चुनखडीचा संगमरवर झाला. मोटारीतून जाणाऱ्याला हीच दरी खालच्या रस्त्यावरून काही मिनिटांत मागे पडलेली दिसते.

खाणीच्या पुढे वाट माळरानावरून बोरेरेगच्या ओसाड गावठाणाकडे जाते, पण ती ओलसर आणि सायकलीला गैरसोयीची आहे. सायकलस्वाराने तेथून खालच्या अरुंद डांबरी रस्त्याला लागावे आणि टॉरिनच्या अलीकडे कामस मालाग या लहानशा खाडीकडे वळावे. कामस मालागपासून सुइशनिशपर्यंत जी खडीची वाट चढत जाते, ती माझ्या मते या भागातली सर्वांत चांगली वाट आहे. उजव्या हाताला खाली स्लॅपिन नावाचे समुद्राचे आत आलेले अरुंद पाणी, त्याच्या पलीकडे ९२८ मीटर उंचीचा ब्ला व्हेन, आणि वाटेवर बहुतेक वेळा मेंढ्यांखेरीज कोणी नाही. काही ठिकाणी खडी सुटी आहे आणि चढ इतका आहे की खोगिरावर पुढे सरकून बसावे लागते, नाहीतर मागचे चाक जागच्या जागी फिरते. वरती पोहोचल्यावर हिरव्या गवताचा उतार लागतो आणि त्यात दगडी भिंतींचे चौकोन दिसू लागतात. ती घरे आहेत. १८५३ साली लॉर्ड मॅकडोनल्ड यांच्या जमीनदारीने मेंढ्यांच्या चराईसाठी सुइशनिश आणि बोरेरेग ही दोन्ही गावे रिकामी करवली. आर्चिबाल्ड गिकी हे पुढे नामांकित भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून ओळखले गेले. तरुणपणी त्यांनी या गावातून निघालेल्या लोकांची रांग स्वतः पाहिली होती आणि ती हकिकत लिहून ठेवली. त्या उतारावर उगवलेले गवत अजूनही भोवतालच्या माळापेक्षा वेगळे, गर्द हिरवे दिसते, कारण ती पिढ्यान्‌पिढ्या खत घालून कसलेली जमीन आहे. येथून पुढे बोरेरेगकडे जाणारी किनाऱ्याची वाट कड्याच्या कडेने उतरते. ती सायकलीची नाही. आले त्याच वाटेने परत फिरावे, आणि त्या भिंतींवर सायकली टेकवून छायाचित्रे काढू नयेत, एवढी माझी विनंती आहे.

टॉरिनहून उत्तरेला स्ट्रॅथ मोर या दरीतून लुइबपर्यंत जाता येते. नकाशावर ही वाट फार मोहक दिसते, दोन्ही बाजूंना लाल डोंगर आणि मध्ये तळी. प्रत्यक्षात पाऊस होऊन गेला असेल तर तिचा मधला भाग चिखलाचा असतो आणि कोरड्या दिवसांतही सायकल ढकलावी लागतेच. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाची काळी माती. तिचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर इतक्या संथ गतीने वाढतो, आणि त्यात सायकलीच्या चाकाने पाडलेली चाकोरी वर्षानुवर्षे बुजत नाही. म्हणून ओल्या दिवसांत ही वाट सोडून द्यावी आणि ब्रॉडफर्डला परत येऊन मुख्य रस्ता धरावा. लुइबच्या पुढे मुख्य रस्ता डोंगरावर चढतो, तेथे मात्र मॉल या वस्तीवरून जाणारा जुना किनारी रस्ता घेता येतो. नवा रस्ता झाल्यापासून या जुन्या रस्त्याने जाण्याचे कोणाला कारण उरलेले नाही. डांबर ठिकठिकाणी उखडले आहे, मधोमध गवत आले आहे आणि तो समुद्राच्या काठाने रमतगमत स्कॉन्सरच्या बाजूला येतो.

स्कॉन्सरला रासेची फेरीबोट मिळते. पंचवीस मिनिटांचा हा प्रवास ज्या बोटीने होतो ती हॅलिग ही बोट २०१३ पासून येथे चालू आहे आणि डिझेल व बॅटरी अशा दोन्हींवर चालणारी, समुद्रात वाहने व प्रवासी नेणारी ती जगातली पहिली बोट समजली जाते. पायी प्रवाशाचे तिकीट काढावे लागते. सायकलीला भाडे नाही. रविवारी फेऱ्या कमी असतात. हा धर्मनिष्ठ लोकांचा प्रदेश आहे, रविवारचा विश्राम अनेक घरांत आजही पाळला जातो, आणि पाहुण्याने त्या दिवशी गावातून मोठमोठ्याने बोलत जाऊ नये हे बरे.

रासे सुमारे तेवीस किलोमीटर लांब आणि रुंदीला फार तर पाच किलोमीटर असे बेट आहे. वस्ती दोनशेच्याही आत. इनव्हरॅरिश या तिथल्या गावातल्या रांगेतल्या घरांमागून वर जाणारी वाट पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या लोखंडाच्या खाणीच्या रेल्वेमार्गाची आहे. त्या खाणीत जर्मन युद्धकैद्यांना कामाला लावले होते. जुन्या पुलाचे काँक्रीटचे खांब अजून उभे आहेत. चढ सरळ आणि दमवणारा आहे, पण वर आल्यावर डून कान या डोंगराचा सपाट माथा समोर येतो आणि सह्याद्री पाहिलेला माणूस जागीच थांबतो. हे साधर्म्य वरवरचे नाही. डून कानच्या माथ्यावरचा, तसाच समोर स्कायच्या ट्रॉटर्निश भागातला काळा दगड म्हणजे सुमारे साठ दशलक्ष वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा बेसाल्ट. आपल्या दख्खनचे थर त्याहून काही दशलक्ष वर्षांनी जुने, पण घडण एकाच जातीची. त्यामुळे कड्यांच्या पायऱ्या, सपाट माथे आणि मधल्या गवताळ पट्ट्या ओळखीच्या वाटतात. १७७३ साली इंग्रज लेखक सॅम्युएल जॉन्सन यांच्यासोबत आलेले त्यांचे चरित्रकार जेम्स बॉस्वेल ४४४ मीटर उंचीच्या या माथ्यावर चढले आणि तेथे नाचले, असे त्यांनीच नमूद केलेले आहे. सायकल खालीच ठेवून शेवटचा टप्पा पायी चढावा.

रासेला जाण्याचे माझ्या दृष्टीने खरे कारण मात्र बेटाच्या उत्तर टोकाला आहे. ब्रॉखेलच्या पडक्या किल्ल्यापाशी पूर्वी रस्ता संपत असे. पुढे आर्निश आणि त्यापलीकडच्या वस्त्यांतले लोक अनेक दशके रस्त्यासाठी अर्ज करत होते आणि तो मिळत नव्हता. एकेक कुटुंब उठून जात होते. कॅलम मॅक्लाउड हे आर्निशचे शेतकरी, टपाल वाटणारे आणि शेजारच्या रोना बेटावरील दीपगृहाचे मदतनीस. त्यांनी आधी आपल्या भावासोबत १९४९ ते १९५२ या काळात पुढच्या वस्तीकडे जाणारी पायवाट बांधली होती. १९६४ च्या सुमारास, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी ब्रॉखेल ते आर्निश हा सुमारे पावणेतीन किलोमीटरचा रस्ता स्वतःच बांधायला घेतला. सुरुंगाच्या कामाला सरकारी मदत मिळाली. बाकीचे सारे कुदळ, फावडे आणि ढकलगाडी यांच्या बळावर सुमारे दहा वर्षांत झाले. १९८२ साली प्रशासनाने तो रस्ता ताब्यात घेऊन त्यावर डांबर घातले, तोवर आर्निशमध्ये ते आणि त्यांची पत्नी एवढेच उरले होते. १९८८ मध्ये त्यांचे निधन झाले.

हा रस्ता आता डांबरी आहे, त्यामुळे काटेकोरपणे पाहिले तर तो ग्रॅव्हलचा नव्हे. तरीही त्यावरून सायकलने जावे असे मी म्हणते, कारण मोटारीत बसून या रस्त्याचे काम दिसत नाही. सायकल चढावर संथ होते तेव्हा खालच्या बाजूचा दगडी आधार दिसतो: चुन्याशिवाय रचलेल्या दगडांचे थर, मोठे दगड तळाशी, फटीत ठोकून बसवलेल्या लहान चिपा. पाणी कोठून येईल आणि कोठून जाऊ द्यायचे याचा विचार प्रत्येक वळणावर केलेला आहे. मोऱ्या नेमक्या जागी आहेत. तीव्र चढ टाळण्यासाठी रस्ता कोठे वळवला आणि कोठे खडक फोडण्यावाचून गत्यंतर नव्हते, हे पायांना कळते. ब्रॉखेलजवळ त्यांच्या स्मरणार्थ दगडांची रास उभारली आहे. मला या एका रस्त्याबद्दल जितका आदर वाटतो तितका फार थोड्या वास्तूंबद्दल वाटतो, आणि आपल्याकडचे पर्यटक खाडीच्या पलीकडून, पाचसहा मैलांवरून, तो न पाहताच परत जातात.

या सूचनेवर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. हवा बेभरवशाची असते, हे खरे आहे. परंतु येथे वर्षातला सर्वांत कोरडा काळ साधारणपणे एप्रिल-मे हाच असतो आणि आपल्या शाळांची सुटीही तेव्हाच असते; मे अखेरीस रात्री दहापर्यंत उजेड राहतो, आणि मिज नावाच्या चावऱ्या बारीक चिलटांचा उपद्रव अजून भरात आलेला नसतो. जून ते ऑगस्टमध्ये मात्र वारा पडलेल्या संध्याकाळी ही चिलटे माणसाला बसू देत नाहीत. गवतात गोचिडी असतात व त्यांच्यापासून लाइम हा आजार होऊ शकतो, म्हणून रोज रात्री अंग तपासावे. दुसरा आक्षेप पोहोचण्याचा. इनव्हरनेसहून काइल ऑफ लॉखॅल्शपर्यंत रेल्वे जाते, साधारण अडीच-पावणेतीन तास लागतात. सायकलीसाठी जागा थोड्या असल्याने आधी नोंद करावी. काइलहून पुलाच्या पादपथाने बेटावर जाता येते. पुढे ब्रॉडफर्डपर्यंतचा पट्टा मुख्य रस्त्याचाच आहे आणि तो सुखाचा नाही. सकाळी लवकर, वाहने सुरू होण्याआधी काढावा, आणि लहान मुले सोबत असतील तर तेवढ्यापुरते भाड्याचे वाहन करावे. तिसरा आक्षेप असा, की एवढ्यात स्टॉर आणि फेअरी पूल्स राहून जातात. राहू द्यावेत.

आपल्या वृत्तपत्राकडून माझी अपेक्षा मर्यादित आहे. पुढच्या वर्षी स्कॉटलंडविषयी लेख छापताना पाहण्याच्या जागांच्या जोडीला स्कॉटलंडमधील वावरण्याच्या हक्काची आणि त्यासोबतच्या आचारसंहितेची चौकट द्यावी. बेटावर किमान दोन मुक्काम असल्याशिवाय स्कायचे नाव कार्यक्रमात घालू नये, हे सहल कंपन्यांना सांगणारे कोणीतरी असावे, आणि ते काम आपली पुरवणी करू शकते. महाराष्ट्रातल्या सायकल गटांपैकी कोणी यायचे ठरवल्यास त्यांनी एकदम मोठ्या संख्येने न येता चार-सहा जणांच्या तुकडीने यावे, कारण रासेसारख्या बेटावर राहण्याच्या खोल्या मोजक्या आहेत आणि अरुंद वाटेवर वीस सायकली म्हणजे मेंढ्यांना व तेथल्या माणसांना त्रासच. मुक्काम आणि किराणा यांवरचा खर्च बेटावरच व्हावा, म्हणजे फेरी आणि दुकान चालू राहायला तेवढाच हातभार लागेल.

पत्रास जागा द्यावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक,
इनव्हरनेस, स्कॉटलंड